उजवा कौल

"गुरवा, निरांजन जरा वर धर. खयची पाकळी पडता ता आमका पण दिसांदे," दाजी परब गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून म्हणाले.

बाबांनी निरांजन वर धरलं. आमच्या माउलीचा पाषाण काळा, उभा, ओबडधोबड. त्याच्या उजव्या अंगाला एक भिजवलेली पाकळी चिकटवलेली, डाव्या अंगाला दुसरी. गावाने प्रश्न विचारायचा, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि मग सगळ्यांनी टक लावून बसायचं. उजवी आधी गळून पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. याला आमच्याकडे कौल म्हणतात. म्हैस हरवू दे, विहीर खणायची असू दे, पोरीचं लग्न जुळवायचं असू दे, कौलाशिवाय आमच्या गावात पान हलायचं नाही. आणि तो कौल लावणारे हात माझ्या बाबांचे, भिकाजी गुरवांचे.

बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने पाषाणावरून ओघळणारं पाणी टिपलं, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "डावी."

सभामंडपात बसलेल्या परबांच्या बायकांनी एकदम सुस्कारा सोडला. मी खांबाला टेकून आईशेजारी बसले होते. माझ्या मनात आलं, सुटले हे! स्वतःच्या रक्ताच्या माणसापासून सुटले!

कारण कौल लावला होता तो दाजींच्याच धाकट्या भावासाठी, अंकुशसाठी. अंकुश मुंबईला टेम्पो चालवायचा. परत आला तो नुसता हाडांचा सापळा होऊन. नव्वद-पंच्याण्णवचा काळ तो. त्या रोगाचं नावसुद्धा माणसं दबक्या आवाजात घ्यायची. तालुक्याचा डॉक्टर घसा फोडून सांगत होता की हात लावून हा रोग होत नाही, पण ऐकतो कोण! दाजींनी सख्ख्या भावाला काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, नेऊन टाकलं. दारात पेजेचं भांडं ठेवायचं आणि मागल्या पावली फिरायचं. लाकडं आणायला जाणाऱ्या बायकांना आतून "पाणी, पाणी" असं ऐकू यायचं. त्या पदर कानावर ओढून पुढे जायच्या. माझी आईही त्यांच्यात असायची, आणि घरी येऊन चुलीपुढे रडायची.

मग कुणीतरी काढलं की हा असा तडफडून मेला तर त्याचा तळतळाट गावाला लागेल, आणि शिमगा तर तोंडावर आलाय. दया-बिया कुणाला आली नव्हती हो, नुसती घाबरली होती माणसं. म्हणून हा कौल. मानाच्या घरांची नावं एकेक करून देवीपुढे घ्यायची. ज्याच्या नावावर उजवा पडेल त्या घराने अंकुशचं सगळं करायचं. देवीने घेतलेलं नाव परत करायची रीत आमच्याकडे नाही. पहिला मान परबांचा, म्हणून पहिलं नाव त्यांचं.

बाबांनी दुसऱ्या घराचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा माउली, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे एकजागी झाली आसत."

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

"गावात एक जीव तळमळता हा. त्येका बघणारो कोणतरी व्हयो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"दळव्यांच्या घरान ता काम करूचा अशी तुझी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!"

डावा पडला. पुढचं घर, डावा. त्याच्या पुढचं, पुन्हा डावा. नाव घेतलं की त्या घरच्या माणसांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि डावी पाकळी पडली की लगेच कुणी तंबाखू मळायला लागायचं, कुणी शेजारणीशी कुजबुजायला लागायचं. मला तर शिसारी आली.

शेवटी दाजी म्हणाले, "नावां संपली. आता काय करूचा?"

"एक ऱ्हवला," बाबा म्हणाले. "माझा."

सोनूकाका, बाबांचे चुलतभाऊ, घाईघाईने पुढे आले. "दादा, खुळावलंस काय? आपण गुरव. तू त्येका शिवलंस तर देवीक कसो शिवतलंस?"

"ता तीच सांगात," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाकळ्या लावल्या.

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली आली. आईने तोंडात पदर कोंबला. मी उठून उभी राहिले. दाजी परबांनी मात्र दोन्ही हात जोडले आणि गहिवरून, अगदी गहिवरून हो, म्हणाले, "देवीन तुझा नाव घेतल्यान, गुरवा! भाग्यवान तू. अंकुश आसा तवसर सोनू पूजा बघीत. मगे शुद्ध होवन तू परत तुझ्या जाग्यार ये. माझो शब्द."

बाबांनी मान हलवली. पण गाभाऱ्यातून बाहेर पडताना ते उंबऱ्यावर थोडे थांबले. त्यांना देवीशिवाय दुसरं काही नव्हतं. पाषाणाला न्हाऊ घालताना ते तिच्याशी गप्पा मारायचे, काल काय जेवलो ते सांगायचे, आईवर रागावले असले तर तिच्याकडे चुगली करायचे. आई म्हणायची, "माझ्याशी लगीन कित्याक केल्यात? तिच्याशीच करूचा होता." तो गाभारा आता त्यांना बंद झाला. परत उघडेल की नाही, हा एकच घोर त्यांना लागला, आणि त्यांच्यामुळे मला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा मांगरात जायला लागले. अंकुशला उचलून बाहेर आणायचं, ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या, पेज भरवायची, घाण काढायची. मी पाण्याची कळशी घेऊन जायची. आधी बाबा मला काजूच्या झाडापर्यंतच येऊ द्यायचे. पण एकदा ते एकट्याने त्याला उचलताना धडपडले तेव्हा मी सरळ आत शिरले. म्हटलं, देवीने आमच्या घराचं नाव घेतलंय, मी काय घराबाहेरची आहे?

अंकुश बोलका माणूस. अंगात जीव नव्हता तरी जीभ तेज होती.

"शालन," तो मला म्हणाला, "तुझो बापूस माका घासता तसो माझ्या आवशीनव कधी घासूक नाय. साल काढतलो एक दिवस."

"गप ऱ्हव," बाबा म्हणाले. "देवी तक्रार करणा नाय कधी."

"ती दगडाची आसा. माका दुखता!"

आम्ही तिघंही हसलो. मांगरात असं हसू फुटायचं, खोटं नाही सांगत.

पण रोज एक प्रश्न ठरलेला. पेज भरवून झाली की अंकुश बाहेर बघत विचारायचा, "दादा इलो काय गो? पाय वाजल्यासारखे झाले."

दाजी परब बागेच्या दगडी गडग्यापाशीसुद्धा फिरकले नाहीत. पण बाबा बेधडक सांगायचे, "इल्लो तो. तू निजललंस, म्हणान उठवूक नाय."

"काय म्हणालो?"

"म्हणालो, जप त्येका."

अंकुश डोळे मिटून पडायचा. एकदा वाटेत मी बाबांना म्हटलं, "इतका खोटा कित्याक बोलतास?" ते म्हणाले, "खोटा नाय ता. दाजी येतलो एक दिवस. त्येका येवचा आसा, पण पाय उचलणत नाय." मला तेव्हा बाबांचा रागच आला. इतकं भाबडं असू नये माणसाने.

माझं लग्न ठरलं होतं. मुलाच्या बापाने निरोप धाडला, ज्या हातांनी तो रोगी न्हाऊ घातला त्या हातांनी कन्यादान घेणार नाही. आई भिंतीला डोकं लावून बसली. नळावर माझी कळशी इतरांच्या कळशांपासून लांब ठेवायला लावायचे. सोनूकाकाची बायको आमच्या अंगणातून जाणं टाळून शेताच्या बांधावरून जायची. मी दात-ओठ खाऊन सगळं गिळलं. मनाला एकच बजावत होते की हे आमच्या मनाने काढलेलं नाही, देवीने सांगितलेलं काम आहे. तिने हाक मारली आणि आम्ही ओ दिली. मग माणसं काय का बोलेनात!

दिवाळीच्या सुमाराला अंकुश गेला. भर दुपारी, बाबांच्या मांडीवर. जाण्याआधी त्याने पुन्हा विचारलं, "इलो?" आणि बाबा म्हणाले, "इलो हो. ह्यो बघ, भायर चपला काढता हा." अंकुशने दाराकडे मान वळवायचा प्रयत्न केला. ती तशीच राहिली.

निरोप गेला तरी दाजी आले नाहीत. ताप आलाय म्हणे. अग्नी बाबांनी दिला.

सुतक फेडून, डोकं भादरून, धुतलेलं धोतर नेसून बाबा देवळात गेले. मी मागोमाग गेले. जत्रा जवळ आली होती, माणसं मांडव घालत होती. दाजी बाकड्यावर पान जमवत बसले होते.

"दाजीनू, मी इलंय," बाबा म्हणाले. लग्नघरी आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "उद्यापासून देवीक मी न्हाऊ घालीन म्हणतंय."

दाजींनी पानाला चुना लावला. "गुरवा, माणसां घाबरतत. तुझ्या हातचा तीर्थ कोण घेतलो?"

"तुमी शब्द दिल्यात."

"शब्द माझो. देऊळ गावाचा." त्यांनी पान तोंडात टाकलं. "सोनू करता ता बरा चल्ला हा. तू आता आराम कर."

सोनूकाका गाभाऱ्यात उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि घंटेचा दोर उगाच नीट करायला लागले. बाबा बाहेरूनच देवीकडे बघत राहिले. मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील, निदान रडतील तरी. पण त्यांनी नुसती मान हलवली, आणि आम्ही घरी आलो.

माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पडवीत पाय ठेवला आणि माझा तोल सुटला.

"मान कसली हलवतास? देवीनच तुमका धाडल्यान आणि देवीच्याच दारात तुमका उभे करणत नाय! माझा लगीन मोडला, आवस झुरणीक लागली, मी एक अवाक्षर बोलूक नाय. कित्याक? तर देवीन आमचा नाव घेतल्यान! मगे आता ती गप कशी? तिका विचारा ना जावन!"

बाबा पडवीच्या कडेला बसले. नारळाचं झावळ ओढून झाप विणायला लागले. विणता विणताच म्हणाले, "देवीन माका धाडूक नाय, शालन."

"म्हणजे?"

"माझ्या नावाची उजवी पाकळी मी नीट चिकटवूकच नाय. आणि बाकीच्यांची घट्ट दाबून लावलंय."

आई चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही, तेच बरं झालं.

"तुमी... कौलात लबाडी केल्यात? तुमी?"

"पयल्या घराक ठरवन करूक नाय," बाबा म्हणाले. "परबांच्या पाकळ्यो नेहमीसारख्योच लावल्यो. मनात काय नव्हता माझ्या. गाऱ्हाणा झाला, आणि उजवी सरकूक लागली." त्यांनी झाप खाली ठेवला. "उजवी, शालन. देवीन दाजीचाच नाव घेतल्यान. भावाक भावाकडे धाडल्यान ती. मी वर बघलंय तर दाजीच्या बायकोचा त्वांड पांढराफटक. माझ्या मनात इला, ह्यांच्या गळ्यात पडलो तर अंकुश चार दिवस जगाचो नाय. काय तरी घालतले पेजेत. पाणी टिपतंय असा दाखवलंय आणि पंच्याखालसून आंगठ्यान ती पाकळी परत चिकटवलंय."

मग माझ्यातला सगळा राग त्यांच्यावरच उलटला. "म्हणजे ह्या सगळा तुमी आपल्या मनान ओढून घेतल्यात? आमका विचारूक पण नाय?"

"विचारला असता तर तुझ्या आवशीन जावक दिल्यान असता?"

"नाय दिल्यान असता!"

"म्हणान विचारूक नाय." ते माझ्याकडे बघेनात. "लगीन मोडला ता माझ्यामुळे. तुका काय बोलाचा ता बोल. पण माका दुसराच खाता. हाक दाजीक होती. ती मी मधल्यामधी घेतलंय. कोण जाणा, त्याच्या नावावर उजवो पडलो असतो तर तो गेलोव असतो. माणूस देवाक घाबरता. पयल्या दिवशी नाक दाबून गेलो असतो, मगे सवय झाली असती. भाऊच तो. अंकुश भावाच्या मांडीर मेलो असतो. ता मी दोघांचाव घेतलंय. म्हणान म्हणतंय, माका देवळाभायर ठेवल्यानी ता बरोबर आसा. ह्या हातांनी देवीक शिवाचा नाय."

त्या दिवसापासून बाबांचं जेवण कमी झालं. देवळाची घंटा वाजली की हातातलं काम ठेवून खाली मान घालून बसायचे. माणसं त्यांना नाकारत होती त्याचं त्यांना काही नव्हतं. पण आपण एका माणसाचं पुण्य चोरलं, हे त्यांच्या मनातून जाईना. सगळं आयुष्य देवीपुढे घालवलेला माणूस तिच्याकडे वर मान करून बघेना, आणि ते मला बघवेना.

शेवटी एका सकाळी मी सरळ दाजी परबांच्या खळ्यात जाऊन उभी राहिले. दाजी सुपाऱ्या वाळत घालत होते. मला बघून त्यांनी हातानेच लांब राहा अशी खूण केली. मी मुद्दाम दोन पावलं पुढे गेले.

"काकानू, माझ्या बापाशीक देवळात घेवा नायतर नको. पण एक ऐकान घेवा. शिमग्याआधी जो कौल लावलो, तो उजवो तुमच्या घरार पडत होतो. बाबांनी ती पाकळी आंगठ्यान धरल्यानी. तुमच्या जीवावरचा त्येंनी आपल्यार घेतल्यानी. ता तुमका ठावक नाय, म्हणान सांगूक इलंय."

मला वाटलं होतं हा माणूस हादरेल. हातातली सुपारी पडेल, तोंड पांढरं होईल, निदान खाली तरी बसेल. दाजींनी एक सुपारी उचलून उन्हात धरून बघितली.

"ठावक आसा," ते म्हणाले.

"काय?"

"मी उंबऱ्यार उभो होतंय. निरांजन वर धर म्हणान मीच सांगलंय ना? उजवी पाकळी सरकली ती बघलंय. तुझ्या बापाशीचो आंगठोव बघलंय."

"आणि तुमी गप ऱ्हवल्यात?"

"मगे काय करतलंय? बोंब मारतलंय, माझो कौल माका परत दी म्हणान?"

"अंकुश रोज विचारी तुमका. रोज! मरताना दाराकडे बघत होतो."

दाजींनी सुपाऱ्या हाताने पसरल्या. मग म्हणाले, "तुझो बापूस गाभाऱ्यात उभो ऱ्हवलो ना, तर माका रोज तीच पाकळी दिसतली. म्हणान नको तो थय. समाजला?" आणि लगेच त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. "जा, सांग गावाक. देवीच्या कौलाक आंगठो लावणारो गुरव म्हणान तुझ्याच बापाशीचा त्वांड काळा होतला. माझा काय जाता?"

मी परत फिरले. वाटेत रडले का, ओरडले का, मला आठवत नाही. एक मात्र आठवतं, की रागाच्या पोटात मला थोडा आनंदच झाला होता. चला, बाबा सुटले! त्यांनी कुणाची हाक चोरली नाही. देवीने बोलावलेलं दाजींनी डोळ्यांनी बघितलं होतं. शिमग्यापासून दिवाळीपर्यंत कुठल्याही दिवशी ते मांगरात येऊ शकत होते. वाट कुणी अडवली नव्हती. हे कळलं की बाबा पोटभर जेवतील, असं मला वाटलं.

बाबा पडवीत तसेच झाप विणत बसले होते. मी धापा टाकत त्यांच्यासमोर बसले आणि शब्दन् शब्द सांगितला. "त्येंनी बघलेल्यानी, बाबा. आंगठोव बघलेल्यानी. त्येंका सगळा ठावक होता. तुमच्यार कसलाच पाप नाय."

बाबांनी विणणं थांबवलं. हातातली पात तशीच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, आता चेहरा मोकळा होईल, आता होईल.

"बघलेल्यान?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आणि एकदाव इलो नाय?"

बाबांचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं. अंकुशला चितेवर ठेवताना न रडलेले, देवळातून परत फिरताना न रडलेले माझे बाबा हुंदके द्यायला लागले. आई आतून धावत आली. तिला काही कळेना, मलाही कळेना.

"ह्या माका कित्याक सांगलंस गो?" बाबा म्हणाले. "माझा पाप होता ताच बरा होता."